अ‍ॅम्बॅसिडर की फियाट? आधी गाडी भरा, घाट चढा, मग आकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नंदगडला मामांच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये १९८५ ची अ‍ॅम्बॅसिडर मार्क ४, पेट्रोल, सात वर्षं उभी आहे. मामा गेल्यापासून तिला कुणी हात लावलेला नाही आणि मामी म्हणतात घेऊन जा. दुसरीकडे निपाणीत १९८८ ची प्रीमियर पद्मिनी चालू स्थितीत विकायला आहे. दोन्हीचा खर्च झेपणार नाही. रोजचं नाही, पण आठवड्यातून दोनदा खानापूर-बेळगाव, आणि वर्षातून चार-पाच वेळा चोर्ला घाटातून गोवा नाहीतर आंबोली घाटातून सावंतवाडी, बरोबर आई-वडील, बायको आणि मुलगा. दोन्ही गाड्यांचे कागदावरचे आकडे तुम्ही शेजारी शेजारी मांडलेत आणि परफॉर्मन्समध्ये कुठली सरस ते विचारलंय.

मी ३६ वर्षं बेळगावात याच दोन गाड्यांचं काम करतोय. तुमचे आकडे बरोबर आहेत. पण ते नव्या, रिकाम्या, समुद्रसपाटीवर उभ्या असलेल्या गाडीचे आहेत. तुमची गाडी पस्तीस-चाळीस वर्षांची, माणसांनी भरलेली, आणि बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर. नुसत्या उंचीनंच इथं इंजिनाची सात-आठ टक्के ताकद कमी होते. म्हणून तेच आकडे घेऊन मी हिशेब जरा वेगळा मांडतो.

घराणं दोघांचं जुनं आहे. अ‍ॅम्बॅसिडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज ३. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला ती १९५० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली आणि थेट २०१४ च्या मेपर्यंत बनत राहिली. पद्मिनी ही इटलीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती ११०० डिलाइट म्हणून बनत होती, १९७४ ला तिचं नाव पद्मिनी झालं. आमच्या गॅरेजात आजही तिला कुणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच म्हणतात, म्हणून पुढं मीही फियाटच लिहितो.

आता इंजिन. अ‍ॅम्बॅसिडरचं १४८९ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८८.९. फियाटचं १०८९ सीसी, बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५. दोन्ही चार सिलिंडरची, पुशरॉडची, क्रँकला तीन मेन बेअरिंगची. फायरिंगचा क्रमसुद्धा एकच, १-३-४-२. तुम्ही अ‍ॅम्बॅसिडरला ५० हॉर्सपॉवर धरलेत आणि फियाटला ४०. ठीक आहे. आता वजन घ्या: अ‍ॅम्बॅसिडर सुमारे ११३० किलो, फियाट सुमारे ९००. भागून बघा. टनामागे दोघींना ४४ हॉर्सपॉवर. म्हणजे रिकाम्या गाड्या सपाट रस्त्यावर सोडल्या, तर ताकदीत काडीचाही फरक नाही. उलट फियाट जास्त चपळ वाटते, कारण तिचं इंजिन फिरायला हलकं आणि गाडी आकारानं लहान.

आता त्यात तुमचं घर बसवा. पाच माणसं आणि डिकीतलं सामान मिळून ३८० किलो धरू. अ‍ॅम्बॅसिडर झाली १५१० किलो, फियाट झाली १२८०. टनामागे अ‍ॅम्बॅसिडरला ३३ हॉर्सपॉवर उरले, फियाटला ३१. हा फरक छोटा दिसतो. पण घाटात गाडी हॉर्सपॉवरवर चढत नाही, कमी आरपीएमला इंजिन किती ओढतं त्यावर चढते, आणि तिथं सीसी आणि स्ट्रोक बोलतात. भरलेल्या अ‍ॅम्बॅसिडरला किलोमागे जवळजवळ १ सीसी मिळतं, भरलेल्या फियाटला ०.८५. फियाटचे ४० हॉर्सपॉवर ४८०० आरपीएमला मिळतात. चढावर दुसऱ्या गियरमध्ये तिथपर्यंत तुम्ही इंजिन कधीच नेत नाही, आणि नेऊही नये.

हे मी एका मे महिन्यात डोळ्यांनी बघितलं. गोव्याहून लग्न उरकून परतणाऱ्या वऱ्हाडात दोन्ही गाड्या मागे-पुढे होत्या. पुढे फियाट, मागे मी अ‍ॅम्बॅसिडर चालवत. केरी सोडलं आणि चढ लागला. पहिल्या दोन-तीन वळणांत फियाट माझ्यापेक्षा पुढंच होती, वळणात ती सुरेख वळते. मग सरळ चढाचा लांब तुकडा आला. फियाटवाल्यानं तिसऱ्यावरून दुसरा टाकला, इंजिन ओरडायला लागलं. समोर ट्रक होता म्हणून वेग कमी करावा लागला आणि त्याला पहिला टाकावा लागला. त्याच जागी मी दुसऱ्यातच होतो, पंचवीसच्या वेगानं, अ‍ॅक्सिलरेटर अर्धासुद्धा दाबलेला नव्हता. लांब स्ट्रोकचं इंजिन कमी आरपीएमला असं ओढत राहतं, बैलाला उतारावरून चढावर घातलं तरी त्याची चाल बदलत नाही तसं. वर पोचायच्या आधी फियाट दोनदा थांबली. दुसऱ्या वेळी पेट्रोलची वाफ झाली होती. त्याबद्दल पुढं सांगतो.

एक गोष्ट आपल्या भागातल्या लोकांनीच ध्यानात घ्यायची आहे. आपण पठारावर राहतो. गोव्याला, सावंतवाडीला जाताना आपल्याला घाट उतरायचा असतो, सकाळी, गाडी थंड असताना. चढ लागतो तो परतताना, दुपारी, गाडी भरलेली आणि तापलेली, माणसं दमलेली. पुण्या-मुंबईचा माणूस गाडीची परीक्षा घेतो ती हायवेवर. आपली परीक्षा परतीच्या चढावर होते, आणि त्याआधी जातानाच्या उतारावर ब्रेकची.

ब्रेकचं बोलायचं तर या दोन्ही गाड्यांना चारी चाकांना ड्रम. चोर्ल्याचा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर शेवटच्या टप्प्यात पॅडल दगडासारखं कडक लागतं आणि गाडी थांबत मात्र नाही, लायनिंग तापलेलं असतं. ज्या गियरनं चढाल त्याच गियरनं उतरा हा जुना नियम या गाड्यांना तंतोतंत लागू आहे. इथंही मोठं इंजिन कामाला येतं, कारण दुसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की १४८९ सीसी गाडीला जास्त धरून ठेवतं. पण अ‍ॅम्बॅसिडर जड आहे, त्यामुळे थांबवण्यात ती फियाटपेक्षा सरस असं मी म्हणणार नाही. रिकामी असताना फियाट चांगलीच लवकर थांबते. पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की दोघी सारख्याच. जांबोटीच्या रस्त्यावर पाण्यातून गाडी काढली की पुढचे शंभर मीटर ब्रेक हलका दाबत चालवा, लायनिंग सुकतं.

आता तापण्याचा विषय. माझ्या मते तुमचा निर्णय इथंच व्हायला हवा.

फियाटचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅम्बॅसिडरचं दोन्ही बीड. अ‍ॅल्युमिनियम उष्णता लवकर सोडतं, वजनाला हलकं, म्हणून त्या काळी ती चांगलीच रचना होती. पण गाडी एकदा जरी पाण्याविना तापली की हेड वाकतं. गाडी तुम्ही घेताय पस्तीस वर्षांची, आणि आधीच्या चार मालकांपैकी एकानं तरी ती तापवलेली असणारच. चिकोडीकडच्या एका गिऱ्हाईकाची फियाट माझ्याकडं आली होती, तक्रार एवढीच की पाणी कमी होतंय, गळती कुठं दिसत नाही. मी इंजिनच्या वरचं ऑइलचं झाकण फिरवून काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या चहावर येते तशी पिवळट साय धरलेली होती. ऑइलमध्ये पाणी. हेड खोललं, उलटं केलं, स्वच्छ पुसलं आणि त्यावर स्टीलची सरळ पट्टी उभी धरली. पट्टीच्या मागं बॅटरी लावली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधून उजेडाची बारीक रेघ येत होती. फट मोजायच्या फिलर गेजचं पातं त्यातून सहज सरकलं. तेच हेड त्याआधी दोनदा घासलेलं होतं. कुणी घासलं ते मी सांगत नाही, पण दरवेळी गरजेपेक्षा जास्त घासलं होतं. तिसऱ्यांदा घासायला त्यात जीव उरला नव्हता.

अ‍ॅम्बॅसिडरचं बीड हे सगळं बरंच सोसतं. तापवा, थंड करा, पाणी घाला, ती पुन्हा चालते. म्हणून तिच्यावर लोकांनी अत्याचारही तितकेच केले. पण बिडाच्या हेडची एक अडचण आहे, ती तुमच्या यादीत नाही. या गाड्या शिसं घातलेल्या पेट्रोलवर बेतलेल्या. ते शिसं व्हॉल्व्ह आणि तो ज्या कड्यावर बसतो त्या सीटच्या मध्ये पातळ थर धरायचं आणि सीट झिजू द्यायचं नाही. २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. अ‍ॅम्बॅसिडरची मूळ सीट बिडातच कातलेली असते, ती यावर हळूहळू खचते. व्हॉल्व्ह वर सरकत जातो, टॅपेटमधली फट भरते, आणि एक दिवस एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. टॅपेटची फट १५ थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, ठेवायची असते. दोन-तीन हजार किलोमीटरांत ती पुन्हा पुन्हा कमी भरत असेल तर सीट खचतेय असं समजा. फियाटच्या अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये सीट वेगळ्या बसवलेल्या असतात, त्यामुळे तिला हा त्रास कमी.

उपाय आपल्या गावातच आहे. उद्यमबागेत हेड नेऊन द्या, जुनी सीट कातून कडक सीट बसवून मिळते. बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग सगळं तिथं होतं, फाउंड्री आणि मशीन शॉपवर पोसलेलं गाव आहे हे. एकदा कडक सीट बसली की पेट्रोलची ती चिंता मिटते. फियाटच्या वाकलेल्या हेडवर मात्र असा कायमचा इलाज नाही, चांगलं हेड शोधावंच लागतं.

पेट्रोलचंच निघालं तर इथेनॉलबद्दलही सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यातलं बरंचसं आपल्याच ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांतून येतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांशच ऊर्जा असते. त्यामुळे दोन्ही गाड्यांचं अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं आणि मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता. कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा घालून आणि प्लगचा रंग बघून ते जुळवून घेता येतं. प्लगचं टोक फिकट विटकरी दिसायला हवं, पांढरंफटक दिसलं तर मिश्रण पातळ आहे. जुने रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा पडदा इथेनॉलनं फुगतो, चिरतो. पेट्रोल पाइप दोन्हीत बदलायचेच, यात विचार करू नका. गरम इंजिनाजवळ पाइपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. यावर उपाय म्हणून, मी तपासायला येतो तेव्हा हमखास एक ओलं फडकं पंपावर गुंडाळलेलं सापडतं. तो वऱ्हाडातला फियाटवालाही तेच करत होता. फडक्यानं त्या वेळेपुरती गाडी सुटते. पण पाइप एक्झॉस्टपासून लांब वळवून घेणं आणि पंपाखाली उष्णता अडवणारं जाड वॉशर असणं हे त्यावरचं खरं काम. हा त्रास फियाटला जास्त होतो असा माझा अनुभव आहे, चढावर तिचं इंजिन जास्त आरपीएमला फिरतं, म्हणून जास्त तापतं.

आता फियाटच्या बाजूनं. ती मला मनापासून आवडते, आणि गावात चालवायला तिच्यासारखी गाडी नाही. रुंदी १४६० मिलिमीटर, अ‍ॅम्बॅसिडरची १६७६. खडे बाजारातून गणपत गल्लीत शिरताना त्या आठ-साडेआठ इंचांची किंमत कळते. लांबी ३.९ मीटर विरुद्ध ४.३. क्लच हलका, स्टेअरिंग हलकं, पुढं विशबोन आणि कॉइल स्प्रिंग असल्यामुळे गाडी वळणात आपली जागा सोडत नाही. अ‍ॅम्बॅसिडरच्या पुढं टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या, आहेत. ती खड्डा गिळते, पण वळणात झुकते, आणि मागच्या सीटवरच्या माणसाला मळमळतं. तुमच्या आईला घाटात त्रास होत असेल तर याचा विचार करा. अ‍ॅव्हरेज फियाट बारा-तेरा देते, अ‍ॅम्बॅसिडर आठ-नऊ, फारतर दहा. महिन्याला पाचशे किलोमीटर झाले तर फियाट पंधरा-सोळा लिटर वाचवते. हे मोठं आहे, मी कमी लेखत नाही. टाकी मात्र फियाटची ३८ लिटरची आणि अ‍ॅम्बॅसिडरची ५४ ची.

स्टेअरिंगच्या रचनेत अ‍ॅम्बॅसिडर पुढं आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिला रॅक आणि पिनियन आहे, जी आजच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना असते. फियाटला बॉक्स आहे, त्याचा वर्म झिजला की सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग सतत हलवत राहावं लागतं. गियर दोघींनाही स्टेअरिंगखालीच. लिंकेजचे बुश गेलेले असले तर पहिला आणि रिव्हर्स एकमेकांत अडकतात, बॉनेट उघडून हातानं सोडवावे लागतात. बुश स्वस्त असतात, आल्या आल्या बदला. वरच्या वेगाबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात. १२० की १२५, त्याला काही अर्थ नाही. या ब्रेकवर, या टायरवर, मागच्या सीटला पट्टे नसताना मुलाला घेऊन ७० च्या वर जाऊ नका. आणि पुढं-मागं पट्टे बसवूनच घ्या, मजबूत जागी पत्रा जाड करून.

आता खरी परीक्षा, पत्रा. दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, बॉडीच चासी आहे. खानापूर भागातला पाऊस, चार महिने भिंतीतून पाझरणारी ओल, त्यात गोठ्याशेजारची शेड. शेणा-मुताची वाफ लोखंडाला फार वाईट. मामांच्या गाडीचा रंग चकाकत असला तरी भुलू नका. दाराखालची पोकळ पेटी, जिला आम्ही सिल म्हणतो, ती स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टोक ते टोक ठोकत जा. चांगल्या पत्र्याचा आवाज टणटणीत येतो. आवाज बसका झाला तर तिथं आत गंज आहे किंवा लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. खिशात लोहचुंबक ठेवा, लांबीवर तो चिकटत नाही. मग पुढच्या सीटखालचं पायपुसणं उचला. टॉर्शन बारचं मागचं टोक तिथल्या आडव्या मेंबरला धरलेलं असतं. तो मेंबर कुजला असेल तर गाडी पुढच्या बाजूनं बसते, आणि तशी गाडी मी रस्त्यावर काढू देत नाही. शेवटची परीक्षा: मधल्या खांबाच्या खाली जॅक लावून एक बाजू उचला आणि पुढचं दार उघडून लावा. दार पूर्वीसारखं बसलं तर गाडीचा कणा ताठ आहे. दार अडकलं किंवा फट वाकडी झाली तर सिल गेलेली आहे आणि खर्चाचा मोठा वाटा पत्र्यातच जाणार.

निपाणीची फियाट बघायला गेलात तर सकाळी जा आणि मालकाला आधी गाडी सुरू करून ठेवू नका असं सांगा. थंड इंजिनचं ऑइलचं झाकण उघडा, साय दिसतेय का बघा. मग रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून सुरू करा. पाण्यात बुडबुडे एकसारखे येत राहिले तर हेड गॅस्केट गेलेलं आहे. पुढची चाकं वर उचलून वर-खाली धरून हलवा, किंगपिनची, म्हणजे पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात तिची, झीज हाताला लागते. ग्रीस महिनोन् महिने न मारल्यामुळे फियाटचे किंगपिन हमखास गेलेले असतात. एक चक्कर तवंदी घाटात घ्या, निपाणीतून जवळच आहे, आणि मालकालाच नव्हे तर आणखी तिघांना बसवा. रिकाम्या गाडीची चक्कर घेऊन फियाट नाकारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

सुट्या भागांचं बघितलं तर दोन्हीचं मिळतं, पण वेगवेगळ्या रस्त्यानं. अ‍ॅम्बॅसिडर २०१४ पर्यंत बनली, त्यामुळे तिचा माल कोलकात्याहून येतो आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातही पुष्कळ सापडतो. फियाटचा बाजार मुंबईच्या टॅक्सीवर जगला. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षं भरून २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली. आता ब्रेकचं रबर, गॅस्केट, बेअरिंग मिळतं, पण चांगलं हेड आणि गियरबॉक्सचे दाते शोधावे लागतात.

कागदांचं सीमाभागात नेहमीच गुंतागुंतीचं असतं. निपाणीच्या गाडीचा नंबर कर्नाटकचा आहे का कोल्हापूरचा, म्हणजे महाराष्ट्राचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तिथं दोन्ही फिरतात. महाराष्ट्राचा असेल तर कोल्हापूरहून ना-हरकत दाखला, म्हणजे २८ नंबरचा फॉर्म, मगच इथं नोंदणी आणि कर्नाटकचा कर. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो. मामांची गाडी १९८९ च्या आधीची, म्हणजे जुना तीन अक्षरी नंबर. त्याची नोंद संगणकात चढली आहे का ते आधी बघा, नसेल तर चढवून घ्या. वारसानं नाव लावायला ३१ नंबरचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि मामींची सही. नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाढवून घ्यायची असते, सात वर्षं शेडमध्ये म्हणजे ती संपलेलीच असणार. कुणी सांगेल की व्हिंटेजमध्ये टाका. ते होणार नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्याला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते, आणि तशा नंबरावर गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. आणि हो, दोन्ही गाड्यांत इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. डिझेल स्वस्त होतं त्या काळात या भागात पुष्कळ अ‍ॅम्बॅसिडरमध्ये मॅटाडोर व्हॅनची डिझेल इंजिनं चढली, वडापला (प्रवासी भरून भाड्यानं) चालवायला. काहींची पुन्हा पेट्रोल झाली, पण कागदावर काही आलंच नाही.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. एकटे किंवा दोघंच फिरणार असाल, आणि घाट कधीतरीच, तर फियाट घ्या, पश्चात्ताप होणार नाही. पण तुम्ही लिहिलंय पाच माणसं आणि वर्षातून चार-पाच वेळा कोकण. त्या कामाला अ‍ॅम्बॅसिडरच. तिचं हेड सोसणारं आहे, इंजिन कमी आरपीएमला ओढतं, पंधरा इंची चाकांवर ती खड्ड्यांतून उंच जाते, आणि ती मामांची आहे. हे शेवटचं कारण तांत्रिक नाही हे मला कळतं. पण जुन्या गाडीला दुरुस्तीपेक्षा माणसाचा धीर जास्त लागतो, आणि विकत घेतलेल्या फियाटवर तीन महिन्यांत धीर सुटलेली माणसं मी पुष्कळ बघितलीत. घरच्या गाडीवर धीर सहसा सुटत नाही. अट एकच: सिल आणि तो सीटखालचा मेंबर चांगला हवा. तो कुजला असेल तर हे सगळं मत मी मागे घेतो.

शेड उघडाल तेव्हा कृपा करून नवी बॅटरी लावून स्टार्टर मारू नका. सात वर्षं उभ्या इंजिनात रिंगा भिंतीला धरलेल्या असतात, जोर लावला तर त्या तुटतात. आधी एअर क्लीनर उघडा, गोठ्याशेजारी उंदरांनी त्यात घरटं केलेलं असण्याची शक्यता फार आहे. टाकीतलं जुनं पेट्रोल खालून पूर्ण काढा, ते वार्निशसारखं वास मारत असेल. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल घाला आणि रात्रभर तसंच राहू द्या. जुनं ऑइल सोडून नवं भरा. दुसऱ्या दिवशी गियर न्यूट्रलमध्ये ठेवून, प्लग न बसवता, पुढून हँडल घाला आणि हातानं हळू फिरवा. अडलं तर थांबा, आणखी ऑइल घाला, आणखी दोन दिवस द्या. पूर्ण एक फेरा सुटसुटीत फिरला, कुठं खरखर लागली नाही, तर मला कळवा. मग ब्रेकचे सिलिंडर आणि पाइप घेऊन मी स्वतः नंदगडला येतो.